सासूबाईंच्या नावाची काडी

"काडी फुलली हो, काडी फुलली!" असं कुणीतरी ओरडलं आणि पाचशे खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेली आठशे माणसं एकदम उठली. मागच्यांना दिसेना म्हणून ते खुर्च्यांवर चढले. त्यांच्या मागच्यांना त्यामुळे काहीच दिसेना, म्हणून त्यांनी न बघताच हात जोडले. अशा ठिकाणी न बघता हात जोडणारेच जास्त असतात.

व्यासपीठावर एक किराणा दुकानदार काचेची बाटली डोक्यावर धरून रडत होता. बाटलीत एक काडी होती. राखी रंगाची, वाकडी, एकही पान नसलेली. आणि त्या काडीला सात पिवळी, मेणासारखी चकचकीत फुलं आली होती. वास असा की दहाव्या रांगेतल्या सर्दीवाल्यालाही कळावा. बाहेर बोलताना तोंडातून वाफ निघत होती, रस्त्यावरची झाडं हाडं मोजून घ्यावीत अशी उघडी पडली होती, आणि इथे ही फुलं!

"हे लाकूड मेलेलं होतं!" राखाडी शाल पांघरलेले काडीबाबा माईकला ओठ लावून म्हणाले. "पान होतं? नव्हतं. कोंब होता? नव्हता. मी प्राण फुंकला. मेलेल्या लाकडाला जर फूल येतं, तर तुमच्या गुडघ्याला आराम का नाही येणार?"

गुडघ्याचा आणि लाकडाचा संबंध काय, हे आठशेतल्या एकानंही विचारलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

अकराव्या रांगेत कलमवाली बसली होती. गावाबाहेरच्या नर्सरीत बावीस वर्षं रोपांची कलमं बांधणारी बाई, म्हणून सगळे तिला कलमवालीच म्हणत. ती स्वतःहून आली नव्हती. धाकट्या जावेनं हाताला धरून आणली होती, आणि जावेला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे कलमवालीच्या दिरानं. दीर नळजोडणीचं काम करायचा. दुसऱ्याच्या घरातली गळती त्याला लांबूनच ऐकू यायची. स्वतःच्या डोक्यातली कधी ऐकू आली नाही.

जावेला फिट्स यायच्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोजच्या दोन गोळ्या सुरू केल्या आणि तेव्हापासून एकही झटका आला नव्हता. आता एखाद्याला वाटेल, गोळी आहे म्हणून झटका नाही. दिराचं गणित उलटं होतं. झटका नाही, मग गोळी कशाला?

जावेचं दुखणं वेगळंच होतं. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती पहिल्या नंबरची शिलाईवाली. गोळ्यांची पट्टी मास्तरला दिसली आणि त्यानं तिला विजेच्या मशीनवरून उठवून बटणं लावायला बसवलं. "गोळी सुटली की मशीन परत," एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी ती काडी काय, बांबूही हातात धरायला तयार होती.

तिचा नंबर आला. बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या उजवीकडे काड्यांचा एक भारा, डावीकडे एक. "काय त्रास?"

"झटके यायचे. दोन वर्षांत नाही आले."

बाबा उजव्या भाऱ्याकडे वळले. एक काडी उचलली, पुटपुटत तिच्यावरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला, आणि दिली. मग नियम सांगितले. "खालचं टोक ठेचा, म्हणजे अहंकार ठेचला जाईल. कोमट पाण्यात ठेवा, ती मायेची ऊब. पाणी रोज बदला, म्हणजे पापं वाहून जातील. उबदार खोलीत ठेवा आणि वरून ओलं फडकं घाला, त्यात प्राण राहतो. दहा दिवसांत फूल आलं, तर रोग गेला. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी या आणि त्या गोळ्या या घंगाळात सोडा!"

व्यासपीठाच्या कडेला पितळी घंगाळ होतं. त्यात पाणी आणि पाण्यात विरघळणाऱ्या शंभर रंगांच्या गोळ्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या, कुणाच्या हृदयाच्या. या विधीला नाव होतं, गोळीमुक्ती.

जावेमागे टपालवाले आजोबा होते. चाळीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटून निवृत्त झालेले. दोन पायऱ्या चढून आल्यावर त्यांना पाच मिनिटं दम लागला. बाबांनी त्यांची धाप ऐकली, डोळे न उघडता डावीकडे वळले, अंगठा फिरवला आणि काडी दिली. "श्रद्धा कमी पडू देऊ नका हं, आजोबा."

कलमवाली तो अंगठा बघत होती. लोक बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नव्हतंच. जे होतं ते अंगठ्यात होतं. असा अंगठा ती स्वतः रोज दोनशे वेळा फिरवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नर्सरीच्या मागच्या कुंपणाशी गेली. तिथे आगाऊची रांग होती. शास्त्रातलं नाव कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. सगळ्या झाडांच्या आधी, पानं यायच्याही आधी, भर थंडीत फुलतं, म्हणून नर्सरीतल्या बायकांनी या झुडपाचं नाव आगाऊ ठेवलं होतं. पंधरा दिवसांपासून त्याच्या फांद्या गायब होत होत्या. मालक म्हणायचे, शेळी खाते.

कलमवाली वाकून बघायला लागली. प्रत्येक काप तिरका, डोळ्याच्या बरोबर बोटभर वर, एका झटक्यात घेतलेला. डोळा म्हणजे फांदीवरची कळी. नर्सरीत तिला डोळाच म्हणतात.

"मालक," ती तिथूनच ओरडली, "तुमच्या शेळीनं माळीकामाचा कोर्स केलाय वाटतं!"

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. जावेची काडी स्वयंपाकघरात ओल्या फडक्याखाली, कोमट पाण्यात, दिमाखात उभी होती.

"भाऊजी, ही काडी मेलेली नाही. झोपलेली आहे." तिनं नखानं साल जरा खरवडली. आत हिरवंगार. "आगाऊची पानं थंडीच्या आधी गळतात. पण फुलांचे डोळे गेल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेले असतात. त्यांना दोन महिने थंडी लागते, त्याशिवाय ते उघडत नाहीत. थंडी पुरी झाली की ऊब आणि पाणी मिळायचा अवकाश. तुमचे बाबा थंडीचे पहिले दोन महिने कुठे असतात?"

"समाधीत," दीर म्हणाला.

"बरोबर. तेव्हा बाहेर आले असते तर एक काडी फुलली नसती. आणि ते चार नियम? टोक ठेचणं, कोमट पाणी, रोज बदलणं, ओलं फडकं? आम्ही फुलवाल्यांना लवकर फुलं द्यायची असली की हेच करतो. फक्त अहंकार वगैरे ठेचत नाही, वेळ नसतो."

"वहिनी, तुम्हाला झाडातलं कळतं. त्यांना त्यापलीकडचं कळतं."

"पलीकडचं म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचं! रात्री येऊन कापून नेतात."

"पुरावा काय?"

"डॉक्टरांना तरी विचारा. गोळी एकदम बंद केली तर झटका येईल आणि थांबायचाच नाही, असं त्यांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

"डॉक्टर गोळी विकणारच," दीर म्हणाला आणि पाना उचलून कुणाचा तरी नळ दुरुस्त करायला निघून गेला.

जाऊ काडीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, बारा वर्षं मशीनवर होते. बटणं लावताना मान खाली घालून रडते मी. तुमचं खरं असेल. पण फुललीच तर?"

"फुलणारच," कलमवाली चिडून म्हणाली. "तेच तर दुखणं आहे!"

वाद घालून उपयोग नव्हता. ज्याला फूल दिसलंय, त्याला कारण दिसत नाही. रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि सकाळी उठली ती थेट काडीबाबांच्या रोजच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मूर्खपणाला कारणांनी हरवता येत नसेल, तर त्याला आणखी थोडा मूर्खपणा वाढून द्यावा, असं तिनं ठरवलं होतं.

बाबांचा माईकवाला वहीत नोंद करत होता. "रुग्ण?"

"माझ्या सासूबाई."

"आल्या नाहीत?"

"येण्यासारख्या असत्या तर आल्या असत्या."

बाबांनी डोळे मिटले. "ताप?"

"नाही. अंग अगदी गार."

"दुखणं?"

"पूर्वी फार होतं. आता कुठेच नाही."

"झोप?"

"गाढ. कसली म्हणून हालचाल नाही."

"जेवण?"

"कशाचीच वासना राहिली नाही हो."

"मग तक्रार काय, बाई?"

"उठत नाहीत."

"आळस!" बाबा म्हणाले. "वयानं येतो." आणि उजव्या भाऱ्याकडे वळले. अंगठा फिरला. काडी हातात आली. कलमवालीनं बाहेर पडल्या पडल्या स्वतःचा अंगठा फिरवला. गोल, टपोरे डोळे, मटाराच्या दाण्यासारखे. आठ. आठही फुलांचे.

तिथून ती टपालवाल्या आजोबांच्या खोलीवर गेली. आजोबा काडीसमोर खुर्ची टाकून बसले होते, आणि दम खाता खाता तिची माफी मागत होते.

"काडीची कसली माफी मागता?"

"श्रद्धा कमी पडतेय बहुतेक. कोपऱ्यावरच्या बाईची काडी दुसऱ्याच दिवशी फुगली म्हणे. माझी ढिम्म आहे. काल ते दम्याचं औषध तोंडात मारलं ना, त्यामुळे रागावली असेल."

कलमवालीनं काडी बाटलीतून काढली आणि आजोबांचाच अंगठा धरून तिच्यावरून फिरवला. "काय लागतं?"

"बारीक, टोकदार काहीतरी. काट्यासारखं."

"हे पानांचे डोळे. यातून फक्त पान येणार. आता ही बघा." तिनं पिशवीतून सासूबाईंची काडी काढली.

"ही गोल लागते."

"हे फुलांचे. उजवीकडे फुलांच्या काड्या, डावीकडे पानांच्या. ज्याचं दुखणं आपोआप बरं होणार किंवा गोळीनं दबलेलं आहे, त्याला उजवीकडची. ज्याची धाप ऐकूनच कळतं की हा काही लवकर बरा होत नाही, त्याला डावीकडची. म्हणजे माणूस दगावला की दोष त्याच्याच श्रद्धेचा."

आजोबांनी दोन्ही काड्यांवरून पुन्हा अंगठा फिरवला. नंतर कान लाल झाले. "म्हणजे माझी धाप ऐकूनच त्यानं मला मेलेल्यांत धरलं?"

"हो."

"भामटा!" आजोबांना खोकला आला, औषध ओढलं, पुन्हा म्हणाले, "भामटा! बोल, काय करायचं?"

कलमवालीनं नर्सरीतून आणलेली, कुणीही न मंतरलेली, टपोऱ्या डोळ्यांची तिसरी काडी त्यांच्या बाटलीत ठेवली आणि डावीकडची जुनी काडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. "एक लबाडी करायची आहे, आजोबा. आणि हे औषध एक दिवससुद्धा बंद करायचं नाही."

"चाळीस वर्षांत कुणाचं पाकीट बदललं नाही मी," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "आता एक बदलून बघू."

ठरलेल्या रविवारी सभागृहात बसायला काय, उभं राहायलाही जागा नव्हती. जावेच्या काडीला नऊ फुलं आली होती. दिरानं ती बाटली छातीशी धरली होती आणि जावेच्या मुठीत गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या, पंधरा दिवसांच्या. मूठ घट्ट मिटलेली. घंगाळ पाच पावलांवर.

कलमवाली रांग मोडून पुढे घुसली. "बाबा, आधी माझं बघा! सासूबाईंची काडी फुलली!"

"फुलणारच! बोला, किती दिवसांत उठतील?"

"तेच विचारायला आले."

"तीन दिवसांत चालायला लागतील!" बाबांनी माईकमध्ये जाहीर केलं. टाळ्या पडल्या. "घरच्यांनी तयारी ठेवा!"

"भाऊजी, ऐकलंत का?" कलमवालीनं हाक मारली. "आई तीन दिवसांत चालत येणार. मागची खोली रिकामी करा. आणि तुम्ही त्यांचं कपाट विकलंत, ते आता तुम्हीच सांगा त्यांना."

दिराचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "वहिनी! आईला जाऊन सहा वर्षं झाली!"

चौथ्या रांगेतून कुणीतरी फिस्कन हसलं, आणि ते हसू आगीसारखं पसरलं. "आळस म्हणाले होते हो," कलमवाली सगळ्यांना सांगत सुटली. "वयानं येतो म्हणाले!"

बाबा कच्चे नव्हते. त्यांनी हात वर केला, आवाज भरून आणला. "हसू नका. त्या माउलीचा आत्मा सहा वर्षं तळमळत होता. आज त्याला शांती मिळाली. म्हणून काडी फुलली. चालणं म्हणजे आत्म्याचं चालणं!"

आणि आठशे माणसं गंभीर झाली. कुणी डोळे पुसले. ज्या बाईनं सर्वांत जोरात हसून घेतलं होतं, तिनंच पहिली टाळी वाजवली. दिरानं डोळे मिटून आईला आठवलं. कलमवालीला वाटलं, आपण हरलो. माणसांना फसायचंच असेल तर मेलेली सासूही त्यांना थांबवू शकत नाही.

जावेनं एक पाऊल पुढे टाकलं. घंगाळ आता चार पावलांवर होतं.

"थांब गं पोरी," मागून खोकत खोकत आवाज आला. "म्हाताऱ्याला पुढे जाऊ दे."

टपालवाले आजोबा एकेक पायरी चढून आले. बाटलीवर ओलं फडकं होतं. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात श्रद्धा कमी पडू देऊ नका. नाही पडू दिली." आणि फडकं काढलं. काडी फुलांनी लगडली होती. वास पुढच्या रांगांवरून हलकेच सरकत गेला.

बाबा काडीकडे बघत राहिले. त्यांचा अंगठा आपोआप पुढे आला, काडीवरून फिरला, आणि तोंडातून निघून गेलं, "शक्यच नाही! या काडीला फुलाचा डोळा नव्हताच! डावीकडच्या भाऱ्यातली होती!"

माईक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"काय नव्हतं?" आजोबांनी भाबडेपणानं विचारलं.

बाबांनी तोंड मिटलं, पण आता उशीर झाला होता. कलमवालीनं त्यांच्या हातातून माईक ओढून घेतला. "फुलाचा डोळा नव्हता, म्हणतात. म्हणजे फुलायची काडी कुठली आणि न फुलायची कुठली, हे यांना देतानाच माहीत असतं! मग प्राण कसला फुंकतात?" तिनं दोन्ही भारे उचलले आणि पुढच्या रांगेत वाटून टाकले. "अंगठा फिरवून बघा. उजवीकडच्यांचे डोळे गोल, ते फुलांचे. डावीकडच्यांचे टोकदार, ते पानांचे. सगळ्या नखानं खरवडा. आतून हिरव्या आहेत की नाही? मेलेलं एकही लाकूड नाही यात. आमच्या नर्सरीच्या कुंपणाचं झुडूप आहे ते, आणि आजोबांच्या हातातली फुललेली काडी मी तोडून दिलेली आहे. तिला बाबांचा वारासुद्धा लागलेला नाही."

"आणि ही मंतरलेली," आजोबांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली जुनी काडी काढून उंच धरली. तिला दोन हिरवी, पोपटाच्या चोचीएवढी पानं फुटली होती.

पाचशे खुर्च्यांवर खरवडण्याचा आवाज सुरू झाला. कुर्र, कुर्र, कुर्र. आयुष्यात पहिल्यांदाच ही माणसं त्या सभागृहात काहीतरी तपासून बघत होती. किराणा दुकानदार घंगाळात कोपरापर्यंत हात घालून आपल्या साखरेच्या गोळ्या शोधत होता. त्या केव्हाच विरघळल्या होत्या. कलमवालीनं त्याला दंडाला धरून उठवलं. "इथे काय शोधता? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा!"

दीर हातातल्या बाटलीकडे बघत उभा होता. "वहिनी, पण फुललं तर खरं ना?"

"फुललं भाऊजी. खरंच फुललं. झाडानं गेल्या उन्हाळ्यात तयारी करून ठेवली होती म्हणून फुललं. तशीच हिच्या गोळीनं दोन वर्षं तयारी केलीय, म्हणून झटका नाही. श्रेय ज्याचं त्याला द्या की."

जावेनं मूठ उघडली. घामानं पट्ट्या ओल्या झाल्या होत्या. सकाळची गोळी तिनं घेतली नव्हती. तिनं आठशे माणसांसमोर एक गोळी फोडली, आजोबांच्या पाण्याच्या बाटलीतून घोट घेतला आणि गिळली. "उद्या डॉक्टरांना घेऊनच कारखान्यात जाते," ती म्हणाली. "मशीन चालवायला मी धोक्याची आहे का, ते त्यांना सांगू दे मास्तरला. नसेन, तर बटणं मास्तरनं लावावीत."

एवढ्या गडबडीत बाबा मागच्या दारानं निसटायला गेले. दारात, कलमवालीनं बोलावून ठेवलेले, नर्सरीचे मालक उभे होते. त्यांनी बाबांच्या शालीखालच्या खिशातून माळ्याची वाकडी सुरी काढली, धार बघितली आणि म्हणाले, "ही माझी शेळी." चोरीची आणि फसवणुकीची तक्रार त्याच दिवशी झाली. चौकीत कळलं की बाबा पंधरा वर्षं एका बागेत माळी होते. हात चांगला होता. त्या हातानं झाडं लावली असती तर माणूस म्हणून मान मिळाला असता.

आता तुमच्याशी दोन शब्द, सरळ. या गोष्टीवर हसलात ना? हसा. पण पुढच्या खेपेला काडी नसेल. राख असेल, पाणी असेल, अंगठी असेल, टीव्हीवरचा गोड आवाज असेल. आणि तेव्हा अकराव्या रांगेत कलमवाली बसलेली नसेल, तुम्ही बसलेले असाल. निसर्गात नवल कमी नाही. भर थंडीत, कीटक मोजकेच असताना, त्यांना लांबून बोलावता यावं म्हणून एक झुडूप एवढा वास सोडतं, हे काय कमी नवल आहे? त्याला कुठल्याही बाबाची दलाली लागत नाही. कुणी तुमच्यासमोर चमत्कार धरला, तर हात जोडायच्या आधी एक नख पुढे करा आणि खरवडा. जो खरवडू देत नाही, तो का देत नाही हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

आगाऊच्या कुंपणाला त्या वर्षी फुलं निम्मीच आली. कलमवालीनं उरलेल्यांतली एक काडी तोडली आणि सासूबाईंच्या फोटोसमोर ठेवली. "घ्या," ती म्हणाली, "आळशी म्हणाला तुम्हाला. पळायला लावला त्याला."